मोजलं आणि संपलं

वहिनींची गप्पा मारायची एक खुबी होती. ऐन रंगात आलेल्या गोष्टीच्या मधोमध, वाक्य अर्धं तोडून त्या उठायच्या. "तिने दार उघडलं, आणि पाहते तर समोर..." एवढं बोलून थेट स्वयंपाकघरात. उतू चाललेलं दूध उतरवायचं, ओटा पुसायचा, दाराशी आलेल्या कुरिअरवाल्याला सही द्यायची, सही देता देता खालच्या मजल्यावर कालपासून कोणाचं सामान येतंय ते त्याच्याकडून काढून घ्यायचं, आणि परत येऊन त्याच खुर्चीत, त्याच सुरात: "...समोर तिचाच नवरा, आणि हातात बायकी छत्री!" ऐकणारा तोवर दार कोणाचं आणि ती कोण हेच विसरलेला असायचा. वहिनी मात्र जिथे थांबल्या तिथूनच पुढे, काना-मात्रेचा फरक नाही.

ही खुबी कधी त्यांच्या पोटापाण्याच्या कामी येईल असं कोणी म्हटलं असतं, तर सगळ्यात आधी त्यांचा नवरा हसला असता. तो बिचारा शाळेत भूगोल शिकवायचा आणि घरी ऐकायचा.

वहिनींची उमेदीची वर्षं गेली ड्रायक्लीनिंगच्या दुकानात, काउंटरमागे. तिथे छताला एक लांबलचक फिरती दांडी होती. दांडीवर धुतलेले कपडे ओळीने टांगलेले. पायाखालचं बटण दाबलं की दांडी सरकायची आणि पुढचा कोट हजर. पुन्हा दाबलं की त्याच्या पुढचा. कोणाच्या खिशात काय सापडलं, कोणाच्या कॉलरवर कसला रंग होता, याची त्या दुकानाइतकी खबर पोलिसांकडेही नसेल. वहिनींनी त्यातलं काही बाहेर सांगितलं नाही असं म्हणणं धाडसाचं होईल. नाव तेवढं त्या कधी घेत नसत. वर्णनच असं करायच्या की नावाची गरज उरत नसे.

पुढे दुकानाच्या मालकाच्या मुलाला मोबाइलची कव्हरं विकण्यात जास्त गोडी वाटू लागली आणि दांडी भंगारात गेली. वहिनी घरी बसल्या. लेक शिकायला दुसऱ्या गावी. फरशी पुसून पुसून झिजायची वेळ आली, तेव्हा त्यांच्या नणंदेने त्यांना हाताला धरून प्रोग्रामिंगच्या वर्गात नेऊन बसवलं.

ही नणंद म्हणजे छोटी. दादाची, म्हणजे वहिनींच्या नवऱ्याची, धाकटी बहीण म्हणून घरात छोटी. बाहेर मात्र तिला या नावाने हाक मारायची कोणाची छाती नव्हती. चष्म्याच्या दुकानावरच्या मजल्यावर एक सॉफ्टवेअरची कंपनी होती, तिथे ती सगळ्यांची मॅडम. प्रोग्राममध्ये एक जास्तीची मोकळी ओळ दिसली तरी तिच्या कपाळावर आठी चढायची. एकटी राहायची, जेवायला रोज भावाकडे. वहिनी वर्ग पुरा करून बाहेर पडल्या तेव्हा हिनेच मालकांपाशी शब्द टाकला: "सहा महिने ठेवून बघा. नाही जमलं तर मला बोला."

मालक घाबरट. चष्म्याची काडी चावत म्हणाले, "ठेवतो. पण मुदत संपली की मी नात्याकडे बघणार नाही हं."

अशी वहिनींची स्वारी नणंदेच्या हाताखाली रुजू झाली. नणंद आणि भावजय एका ऑफिसात! तिथली पोरं-पोरी इतकी खूश झाली की काही विचारू नका. पहिलं भांडण कधी होतंय याची वाट बघत सगळे असे बसले, जसं पडदा वर जायच्या आधी प्रेक्षक बसतात. वहिनी ऑफिसात छोटीला "मॅडम, तुम्ही" म्हणायच्या, तेही इतक्या अदबीने, की छोटीलाच कसंतरी व्हायचं. घरी आल्यावर तीच मॅडम "वहिनी, भूक लागली गं" करत भांड्यांची झाकणं उघडून बघायची.

आता काम काय होतं ते ऐका. गावच्या पाणीखात्याने रस्त्यांखालच्या पाइपांत ठिकठिकाणी दाब मोजणारी यंत्रं बसवली होती. प्रत्येक यंत्र दिवसरात्र आकडे पाठवत राहायचं. रात्री सगळं गाव झोपलं, नळ बंद झाले, की पाइपातला दाब चढायला हवा. दोन यंत्रांच्या मधे कुठे तो चढत नसेल, तर समजायचं की तिथे पाणी चोरवाटेने निघून चाललंय. पण आकड्यांच्या फायली अशा अवाढव्य, की जुना प्रोग्राम सगळी फाइल एकदम मेमरीत ओढायला जायचा आणि कॉम्प्युटर मान टाकायचा. म्हणून एकेक नोंद घेऊन, ती बघून, सोडून देऊन, मग पुढची घ्यायची, असा प्रोग्राम वहिनींनी लिहायचा होता. पाणीखात्याचे मोठे साहेब स्वतः येऊन बघणार, आणि वहिनींची मुदत त्याच दिवशी संपत होती. मालकांनी स्पष्ट सांगितलं होतं: साहेबांनी प्रोग्राम घेतला तर बाई कायम, नाहीतर राम राम.

वहिनींना ही नोकरी किती हवी होती? मुलीचं लग्न ठरलं असतं तरी त्यांनी इतक्या येरझाऱ्या घातल्या नसत्या. सकाळी जिना चढताना त्या दोन-दोन पायऱ्या एकदम चढायच्या. तेच काम नोंदीमागून नोंदीवर पुन्हा पुन्हा करणारा लूप पहिल्यांदा नीट फिरला त्या दिवशी त्यांनी खुर्चीतल्या खुर्चीत अशी उडी मारली, की खालच्या चष्मेवाल्याने वर माणूस पाठवला.

घरी जेवताना मग हाच विषय. "वहिनी, तुझं वाचलं मी," छोटी घास गिळत म्हणाली. "चालतं. पण जनरेटर कशाला वापरलास? नीट क्लास करून इटरेटर लिहायचा."

"तुझा तो क्लास नावाचा साचा? बापरे!" वहिनींनी डाव परत भांड्यात टाकला. "आपण कुठवर आलो ते लक्षात ठेव, पुढचं कोणतं ते ठरव, संपलं की संपल्याची वर्दी दे. सगळं आपल्या हातांनी. तेवढ्या वेळात माझं लिहून होतं, चालवून होतं, वर चहा होतो."

"हाताने लिहिलं की कुठे काय आहे ते ठाऊक असतं."

"मला न लिहिताच ठाऊक असतं!"

दादा इतका वेळ एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होता. "दोन्हीत फरक काय ते मला कोणी सांगेल का? म्हणजे मान कोणाकडे बघून हलवायची ते कळेल."

वहिनी सरसावल्या. "आमच्या दुकानातली दांडी आठवते ना? बटण दाबलं, पुढचा कोट. पुन्हा दाबलं, पुढचा. सगळे कपडे एकदम काउंटरवर ओतायचे नाहीत. 'पुढचं दे' म्हणायचं, पुढचं येतं. शेवटचा गेला की कळतं, झालं. तो इटरेटर."

"चूक," छोटी म्हणाली. "दांडी म्हणजे नुसता साठा. त्या दांडीवरून कोटाकोटाने सरकणारं बोट म्हणजे इटरेटर. दुसरं गिऱ्हाईक आलं की त्याचं बोट वेगळं, आणि तेही पहिल्या कोटापासून."

"बरं बाई, बोट. आणि मागे ती इस्त्रीवाली असायची बघ. घंटी वाजवली की एक शर्ट इस्त्री करून द्यायची आणि इस्त्री तशीच हातात वर धरून उभी. हलायची नाही. पुन्हा घंटी, की तिथूनच पुढे. आधीच करून ठेवलेलं काही नाही; मागाल तसं. तो जनरेटर. मी फक्त काम काय ते लिहायचं आणि जिथे एक द्यायचं तिथे 'यील्ड' म्हणायचं. थांबायचं कसं, कुठवर आलो, काय लक्षात ठेवायचं, ते ती भाषा बघून घेते."

"म्हणजे तू," दादा म्हणाला. "दूध उतू जाताना."

छोटीला ठसका लागला. पाणी पिऊन म्हणाली, "दादा, सहा महिन्यांत याहून बरं कोणी समजावलेलं नाही."

"पण मागणाऱ्याला दोन्हीकडे 'पुढचं दे' एवढंच म्हणायचं. मग जनरेटर हाही इटरेटरच झाला की!" दादा म्हणाला.

"हो!" दोघी एकदम ओरडल्या, आणि एकमत झाल्याचं दोघींनाही जरा वाईट वाटलं.

छोटीने लगेच हिशेब बरोबर केला. "पण तुझी इस्त्रीवाली, टोपली संपली की संपली. नंतर घंटी वाजवून बघ. ना ओरडणार, ना भांडणार. लूप एकदाही न फिरता गुपचूप बाहेर पडतो, आणि तुला वाटतं सगळं आलबेल. म्हणून मला ती बाई पसंत नाही."

"मग दोनदा घंटी वाजवायचीच कशाला?" वहिनी म्हणाल्या. "माझा प्रोग्राम एकदाच वाचतो. एका फेरीत गळती पकडतो."

"वाजवेल कोणीतरी," छोटी म्हणाली आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

तो दिवस उजाडला. वहिनी घरातून अशा निघाल्या की दादाला त्यांच्या मागून चपलांची योग्य जोडी घेऊन जिन्यापर्यंत धावावं लागलं. ऑफिसात मोठ्या टेबलाभोवती खुर्च्या मांडल्या होत्या. भिंतीवर पडदा. पोरं-पोरी काहीतरी काम असल्यासारखं दाखवत दाराशी घोटाळत होती.

पाणीसाहेब आले ते आवाज करतच आले. प्रत्येक पावलाला बुटातून 'पचक' असा आवाज. दारातच उभे राहून त्यांनी एक बूट काढला, उपडा केला, आणि मालकांच्या नव्या पायपुसण्यावर चांगलं पेलाभर पाणी सांडलं.

"पोस्टाच्या कोपऱ्यावर तळं झालंय," ते म्हणाले. "आठवडाभर शोधतोय. दोन ठिकाणी रस्ता खणला, खाली पाइप ठणठणीत. लोक मला बघितलं की होडी सोडायची का विचारतात. त्याच भागाची फाइल आणली आहे. लावा तुमचा प्रोग्राम."

मालकांनी काडी चावायला घेतली. वहिनींनी फाइल जोडली आणि बटण दाबलं.

पडद्यावर पहिली ओळ आली: एकूण नोंदी, आणि पुढे एवढा लांब आकडा की वाचता वाचता दम लागावा. "वा!" पाणीसाहेब पुढे झुकले. दाराशी कोणीतरी हळूच शिट्टी वाजवली. वहिनींना मात्र एकदम कसंतरी झालं. ही ओळ कुठली? त्यांनी तर असली ओळ लिहिलीच नव्हती.

आणि तेवढ्यात दुसरी ओळ आली: गळती एकही नाही. सर्व पाइप ठीक.

साहेबांच्या बुटातून पाणी ठिबकतच होतं.

साहेबांनी पडद्याकडे पाहिलं. मग पायांकडे. "असं होय?" ते म्हणाले. "मग मी काय इथपर्यंत रडत आलो?"

दाराशी खसखस पिकली. मालकांच्या तोंडात काडीचा तुकडा आला तो त्यांनी तसाच गिळला की काय कोण जाणे. "बाई," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "काय आहे हे? सहा महिने..."

वहिनींना पुढचं ऐकू आलं नाही. त्यांचे डोळे प्रोग्रामवरून धावत होते. तिथे, वाचायच्या लूपच्या बरोबर आधी, एक इवलीशी ओळ. सगळ्या नोंदी मोजणारी. नीटनेटकी, आजूबाजूला मोजून मोकळी जागा सोडलेली. साऱ्या ऑफिसात अशी ओळ एकच माणूस लिहायचं. वहिनींनी मान वर केली तर समोर छोटी, आणि तिच्या चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नाही.

झालं होतं ते असं. छोटी सकाळी सगळ्यांच्या आधी आली. पाणीसाहेबांना मोठे आकडे आवडतात असं तिच्या कानावर होतं. वहिनीच्या कामाला जरा शोभा यावी, बघणाऱ्याचे डोळे दिपावेत, म्हणून तिने लाडाने ती ओळ घातली. चालवूनही पाहिली, पण कशावर? चाचणीसाठी ठेवलेल्या चार आकड्यांच्या साध्या यादीवर. यादी म्हणजे भरलेली दांडी. कितीही वेळा फिरवा, कोट जागच्या जागी. खऱ्या फाइलला मात्र जनरेटर होता. मोजणीने एकेक करत सगळ्या नोंदी मागून घेतल्या, शेवटची दिली आणि जनरेटर संपला. मग गळती शोधणारा लूप आला, म्हणाला पुढचं दे, आणि पुढचं काही नव्हतंच. एकही नोंद न बघता त्याने निर्वाळा दिला, सर्व पाइप ठीक. आयुष्यभर हाताने क्लास लिहिणाऱ्या बाईच्या हाताची ही सवय! तिच्या क्लासला शंभरदा मोजा, दर वेळी नवं बोट, पहिल्यापासून सुरुवात.

दाराशी उभ्या असलेल्यांना आता भांडण हवं होतं. सहा महिने वाट पाहिली होती त्यांनी. वहिनींनी नुसतं म्हणायचा अवकाश होता: ही ओळ माझी नाही. खरंही होतं, आणि नोकरीही कदाचित वाचली असती. जाणार होता तो छोटीचा मान, तोही तिच्या हाताखालच्या साऱ्यांसमोर.

वहिनींनी काय करावं? त्या हसल्या. साधं नाही, टेबलावर थाप मारून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

"सापडलं!" त्या ओरडल्या. "अहो साहेब, सापडलं! प्रोग्रामने फाइल वाचलीच नाही! मोजण्यातच सगळी संपवून टाकली हो त्याने! माझी चूक आहे, आत्ता काढते..."

"नाही," छोटी उठून उभी राहिली. तिचा आवाज खोलीभर पोचला. "चूक माझी आहे. ती ओळ मी घातली. सकाळी, न विचारता. बाईंनी लिहिलेला प्रोग्राम बरोबर होता."

"जाऊ दे गं छोटे, आत्ता ते कुठे घेऊन बसतेस!" वहिनी म्हणाल्या.

म्हणाल्या आणि जीभ चावली. दाराशी सहा-सात तोंडं उघडी पडली. मॅडम... छोटी? एका पोरीने तर भिंतीचा आधार घेतला.

"छोटी कोण?" पाणीसाहेबांनी विचारलं.

"मी," छोटी म्हणाली. कान लाल. "या माझ्या वहिनी."

साहेबांनी खुर्ची पुढे ओढली. त्यांना एकदम मजा वाटू लागली होती. "बरं मग. पुढे?"

"पुढे काय, ओळ काढून टाकायची," वहिनी बोटं सरसावून म्हणाल्या. "एका सेकंदाचं काम."

"काढू नकोस!" छोटी टेबलाला वळसा घालून त्यांच्या शेजारी येऊन बसली. "आज मी मोजलं, उद्या यांच्या खात्यातलं कोणी मोजेल. परवा कोणी सरासरी काढेल. आणि प्रत्येक वेळी तुझा प्रोग्राम हसत हसत सांगणार, सर्व पाइप ठीक."

"मग काय तुझा तो पसारा लिहीत बसू? साहेबांचे बूट वाळतील तोपर्यंत!"

"पसारा नाही. ऐक तर. बाहेरून क्लास माझा. आत जनरेटर तुझा."

वहिनींची बोटं थांबली. "म्हणजे?"

"म्हणजे जो कोणी 'मला नोंदींवरून फिरायचंय' म्हणून येईल, त्याला क्लास दर वेळी तुझा कोरा करकरीत जनरेटर काढून देईल. मोजणाऱ्याला एक. शोधणाऱ्याला दुसरा. फाइल पुन्हा पहिल्यापासून उघडायची. कुठवर आलो, संपलं का, त्यातलं मी काही लिहिणार नाही, ते तुझं यील्ड बघेल."

"अगं बाई!" वहिनींनी तिच्या पाठीत असा धपाटा घातला की तिचा चष्मा नाकावर आला. "हे तुला सहा महिने सुचलं नाही?"

"तू बोलू दिलंस तर सुचेल ना!"

"सांग पटकन, मी लिहिते."

मग जे झालं ते बघायला साऱ्या ऑफिसला काम सोडून आत यावं लागलं. एक सांगतेय, एक टाइप करतेय. "तिथे नाही, आत, आत सरकव." "सरकवलं की! डोळे आहेत मला." "फाइल तिथे उघडू नकोस, नाहीतर परत तेच." "मग कुठे, तुझ्या डोक्यावर?" "जनरेटरच्या पोटात! दर फेरीला नव्याने उघडली पाहिजे." "हां, हां, कळलं, आधी नाही का सांगायचं." मालक मधेच म्हणाले, "मी चहा सांगू का?" आणि दोघी एका सुरात म्हणाल्या, "नको!" मूठभर ओळींचं काम. छोटीने शेवटी एक मोकळी ओळ काढायला लावली, कारण तेवढं केल्याशिवाय तिला श्वास घेता आला नसता.

वहिनींनी बटण दाबलं.

तोच लांबलचक आकडा आला. मग क्षणभर काही नाही. मग थोडं आणखी काही नाही. वहिनींनी छोटीचा हात धरला होता की छोटीने त्यांचा, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

आणि ओळ उमटली. गळती, एक. पोस्टाच्या कोपऱ्यावर नव्हेच. वर चढावर, बेकरीच्या मागच्या गल्लीत, दोन यंत्रांच्या मधे. आठवडाभर रोज रात्री तिथला दाब चढायचं नाव घेत नव्हता.

"बेकरी?" पाणीसाहेब ताडकन उठले. "तिथे तर रस्ता कोरडा आहे!" मग स्वतःच कपाळावर हात मारला. "अरे देवा, तिथे जुनी बंद गटार आहे. पाणी तिच्यातून उतरत खाली येतंय आणि आम्ही खाली खणतोय!" त्यांनी फोन काढला आणि मुकादमाला माणसं घेऊन बेकरीकडे पळायला सांगितलं.

"म्हणजे, साहेब, प्रोग्राम घेताय ना?" मालकांनी हात चोळत विचारलं.

"खड्ड्यात पाणी दिसू दे. त्याआधी मी कोणाला काही म्हणणार नाही. दोन खड्डे आधीच माझ्या नावावर आहेत." एवढं बोलून साहेब पचक पचक करत जिना उतरले.

"मग मीसुद्धा त्याआधी काही म्हणणार नाही," मालक वहिनींकडे न बघता म्हणाले.

आता खोलीत बसून फोनची वाट बघायची, हे कोणाही शहाण्या माणसाने केलं असतं. वहिनींनी पर्ससुद्धा उचलली नाही. त्या निघाल्याच. जिना, चष्म्याचं दुकान, सिग्नल, चढ. मागून छोटी, "अगं वहिनी, गाडी बघ, गाडी!" करत. तिच्या मागून मालक, आणि मालकांच्या मागे अर्धं ऑफिस, कारण मालकच निघाले म्हटल्यावर कामाला बसायचं कोणासाठी?

बेकरीच्या मागच्या गल्लीत मुकादम एक लांब लोखंडी सळई रस्त्यावर टेकवून तिच्या वरच्या टोकाला कान लावून उभा होता. माणसं कुदळी घेऊन तयार, शेजारी पाणीसाहेब. बेकरीवाली दारात, हात पिठाने पांढरे. मुकादमाने कोणालाच बोलू दिलं नाही. दोन पावलं सरकला. पुन्हा कान लावला. आणखी एक पाऊल. वहिनी त्याच्या तोंडाकडे असं बघत होत्या, जसं लहान मूल डॉक्टरच्या तोंडाकडे बघतं.

"गुरगुरतंय," मुकादम म्हणाला. "इथेच. मारा."

कुदळी बसू लागल्या. डांबर फुटलं, खडी निघाली, मग ओली माती, मग काळा चिखल. वहिनी एकेका घावाबरोबर इंच इंच पुढे सरकत होत्या. चिखलाखाली पाइप दिसला, आणि पाइपाच्या अंगावर एक वाकडी भेग. मातीचं शेवटचं ढेकूळ निघालं तशी तिच्यातून पाण्याची जी पिचकारी उडाली, ती थेट बेकरीच्या पाटीपर्यंत! साहेब नखशिखांत भिजले आणि दोन्ही हात वर करून चिखलात नाचू लागले. बेकरीवाली ओरडली, छोटीने चष्मा काढून हातात धरला. वहिनी खड्ड्याच्या काठाशी, ओल्याचिंब, केसांतून चिखल ओघळतोय, आणि टाळ्या थांबत नाहीत.

"ओ बाई!" मुकादम ओरडला. "तुम्ही कोण?"

"मी?" वहिनींनी तोंडावरचं पाणी पुसलं. पुढचा शब्द स्वतःबद्दल त्यांनी आजवर घरातसुद्धा उच्चारला नव्हता. "मी प्रोग्रामर!"

"आमच्याकडच्या आहेत," मागून धापा टाकत येऊन पोचलेले मालक ओरडले. "कायमच्या!"

"असू द्या," मुकादम म्हणाला. "मागे व्हा. पडाल."